गोलाणी मार्केट, दुसरा मजला

सावद्याहून एस.टी.नं निघालो तेव्हा
खिशात फरकाचे बासष्ट हजार होते
आणि डोक्यात दोन खोकी.

एक पांढरं, जाड रजिस्टरएवढं,
टीव्हीला जोडलं की झालं.
दुसरं काळं, एका बाजूनं काच,
आत लाल-निळे पंखे फिरतात
नवरात्राचा मंडप टाकल्यासारखे.

चुडामणनं यादी लिहून दिली होती
लाईट बिलाच्या पाठीमागं.
प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड,
एसएमपीएस चांगला घेजो, तिथं कंजूषी नको,
तू तर वायरमन, तुले काय सांगायचं?
कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं, म्हणाला,
ते दुसरं खोकं म्हणजे बंद डबा,
उघडला की वॉरंटी गेली.

पटलं मला.
मी उघडणारा माणूस आहे.
अकरा वर्षं डीपीची दारं उघडतोय,
मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत
ट्रान्सफॉर्मर पोटात काहीतरी घुमवत असतो
आणि खालून कोणी विचारतं,
भाऊ, थ्री-फेज कव्हा येईन?
जशी काही वीज माझ्या पिशवीतच आहे.

घरी कॉम्प्युटरची बातमी मीच फोडली.
यामिनी म्हणाली, बरं होईल,
मेडिकलचा स्टॉक घरूनच चढवता येईल.
सासरे फोनवर म्हणाले, घ्याच,
पुढंमागं पोरांच्या अभ्यासाला लागेल.
पोरं अजून नाहीत.
त्यांचा अभ्यास तेवढा तयार आहे.

कॉम्प्युटरला नातेवाईक फार.
त्या पांढऱ्या खोक्याच्या बाजूनं
बैठकीत कोणी तोंड उघडलं नाही.
त्याच्यावर सातबारा निघत नाही,
कसले फॉर्म भरता येत नाहीत.
ते फक्त खेळतं.

बसस्टँडमागं पत्र्याची टपरी होती,
पाच रुपये तास.
घरी सांगायचो, लायब्ररीत जातो.
एकदा शेवटचा राउंड, माझी गाडी पुढं,
आणि लाईट गेली.
पैसे परत मिळाले नाहीत.
तेव्हाच्या वायरमनला मी जी शिवी दिली
ती इथं लिहीत नाही.
पुढं त्याच जगन्नाथ बोंडेंनी
मला पहिल्यांदा पोलवर चढवलं,
बेल्ट स्वतःच्या हातानं आवळून.
शिवीचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.
ते रिटायर झाले तेव्हा
पेढा दोनदा घेतला फक्त.

दुकानातला पोरगा हुशार होता.
पंखेवालं खोकं सुरू करून दाखवलं,
पडद्यावर कुठलंसं जंगल, पानापानावर ऊन.
यादी बघून म्हणाला, बजेट थोडं वर जाईल.
मग सहज विचारलं,
कुणासाठी पाहिजे, काका?

काका.
तेहतीस चालू आहे मला.
जिभेवर भाचा आला होता,
नेहमी येतो तसा,
पतंग घेताना, कॅरमची सोंगटी घेताना.
भाचा आता अमळनेरला बँकेत आहे.

माझ्यासाठी, म्हणालो.
आवाज जरा मोठा निघाला.
शेजारी लॅपटॉप दुरुस्तीला आणलेली बाई
वळून बघायला लागली.
मी बोट दाखवलं
पांढऱ्या खोक्याकडे.

सावद्यात उतरलो तर सगळीकडे अंधार,
फोनवर सात मिसकॉल, फीडर उडालेला.
खोकं दारातच यामिनीच्या हातात दिलं.
कॉम्प्युटर एवढा हलका? म्हणाली.
येऊन सांगतो, म्हणालो,
आणि बेल्ट घेऊन निघालो.

जंपर जळाला होता. पाऊण तास गेला.
पोलवरून आमची खिडकी दिसते.
लाईट आली तशी सगळ्यांबरोबर
तीही पिवळी झाली.
मी घाम पुसला, पक्कड पिशवीत टाकली,
उतरायला पाय खाली सोडला,
पुन्हा पाहिलं
तर खिडकी निळी.